बाबाने कांगारू दिलं तर चालतं का? कासारवडवलीच्या एका नवीन बाबाला उत्तर

प्रश्न थोडक्यात सांगते. बाळ ३५ आठवड्यांना सिझरने झालं, वजन २ किलो १००, सहा दिवस एनआयसीयूमधे, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं, घरी येऊन आठ दिवस झालेत. बाबा ऐरोलीला आयटीमधे, घरी पोचेपर्यंत रात्रीचे नऊ, आल्या आल्या बाळाला घेतलं की दोन मिनिटात ते टाहो फोडतं आणि आजी हातातून काढून घेते. डिस्चार्जला सिस्टरने 'कांगारू चालू ठेवा', म्हणजे बाळाला उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवत जा, असं सांगितलं होतं पण ते आईला सांगितलं. आता बाबाने दिलं तर चालेल का, अंगावर केस आहेत, घाम येतो, बाळ छातीवर दूध शोधतं तर ते बरं दिसतं का, आणि घरात बाबाची आई म्हणते पुरुषाच्या उघड्या अंगाला तान्हं बाळ लावत नाहीत. आणि सगळ्यात शेवटी, जणू सहज आठवलं म्हणून, एक ओळ लिहिलीय की खरं सांगायचं तर हे आपलं बाळ आहे असं मला अजून आतून वाटतच नाही.

दादा, मी ठाणे आणि नवी मुंबई धरून २३ वर्षं एनआयसीयूमधे सिस्टर आहे, आणि तुमचा खरा प्रश्न तो शेवटचाच आहे हे मला कळतं, कारण काचेपलीकडे उभ्या राहिलेल्या निम्म्या बाबांच्या चेहऱ्यावर तोच असतो, फक्त बोलत कोणी नाही. आईच्या पोटात बाळ आठ नऊ महिने असतं, लाथा मारतं, तिची ओळख आधीच झालेली असते. तुमची ओळख झाली ती नळ्या लावलेल्या बाळाशी, आणि तीसुद्धा काउंटरवर डिपॉझिट भरून आल्यावर. तर वाटत नाही यात तुमचं काही चुकलेलं नाही. फक्त वाटेल मग घेईन असं करू नका, उलटं करा, आधी तासभर घेऊन बसा, रोज बसा, वाटायचं ते मागून येतं. मी हे धीर द्यायला म्हणत नाहीये, असंच होताना बघितलंय.

चालतं का तर हो, चालतं, आणि नुसतं आईला पर्याय म्हणून नाही. केंद्र सरकारने २०१४ ला कांगारू केअरच्या ज्या गाइडलाइन्स काढल्या त्यातही आईला जमत नसेल तेव्हा वडील किंवा घरचं दुसरं माणूस देऊ शकतं असं आहे. बाळाला लागतं काय, तर गरम कातडी, श्वासाची लय, छातीची धडधड आणि न हलणारं माणूस. यातलं पहिलं तर बाबांकडे भरपूर असतं. बाळाचं अंग लहान असलं तरी वजनाच्या मानाने कातडी खूप असते, त्यात डोकं मोठं, चरबी कमी, आणि आपल्यासारखं कुडकुडून गरम व्हायला त्याला येत नाही, त्यामुळे ऊब टिकवायला ते दुधातली ताकद जाळतं. तेच छातीवर असलं की ती ताकद वाचते आणि वजनात जाते. ३५ आठवड्यांच्या बाळात हा फरक काट्यावर दिसतो.

काट्यावरून एक आठवलं. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे कोपरखैरणेचा एक माथाडी बाबा होता, वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाट्याच्या मार्केटला. बायकोचं बीपी वाढलेलं म्हणून लवकर डिलिव्हरी करावी लागली, ती वरच्या मजल्यावर आयसीयूत, आणि मुलगी इकडे आमच्याकडे, १४८० ग्रॅम. मी म्हटलं शर्ट काढा, खुर्चीत टेका, मुलीला देते. हा माणूस पन्नास किलोची गोण पाठीवर घेऊन चढतो आणि दीड किलोचं बाळ बघून दोन पावलं मागे गेला. हात पुढे करून दाखवले मला, तळहाताला घट्टे, म्हणाला सिस्टर हे टोचतील तिला. म्हटलं हात लावायचेच नाहीयेत, छातीवर ठेवायचीय, हात फक्त बाहेरून धरायचा. बसला. आणि श्वास रोखून बसला, अक्षरशः. डोळे मॉनिटरवर, ऑक्सिजन ९४ चं ९२ झालं की हा घाबरतो, हा घाबरला की अंग ताठ, अंग ताठ झालं की पोरगी चुळबुळ करते. शेवटी मी मॉनिटरची स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि सांगितलं आकडे मी बघते, तुम्ही फक्त श्वास घ्या. वीसेक मिनिटांनी त्याचे खांदे खाली आले. मग बघितलं तर तिच्या एका हाताची मूठ त्याच्या छातीवरच्या केसात अडकलेली, झोपेत घट्ट धरलेली, आणि तो मान वाकडी करून तेवढंच बघत होता. त्या दिवशी सव्वा तास बसला. तिसऱ्या दिवसापासून आला की पहिला प्रश्न, सिस्टर आज काटा काय बोलला? मार्केटची भाषा. वीस ग्रॅम वाढले सांगितलं की वर जाऊन बायकोला निरोप द्यायचा.

केसांचं तुमचं उत्तर त्यातच आलं. केस असूदेत. दाढी करतो तसं छातीवर ब्लेड फिरवून येऊ नका, एकाने केलं होतं, दुसऱ्या दिवशी खुंट बाळाच्या गालाला लागून लाल चट्टे. चेन मात्र काढा. गोफ, लॉकेट, ताईत, मनगटातलं घड्याळ, सगळं. एका बाळाच्या गालावर बाबाच्या लॉकेटमधला गणपती उमटलेला मी पाहिलाय, सोंडेसकट, आजी खूश झाली होती पण आम्ही नाही.

घामाचं म्हणाल तर ऑफिसातून आलात की आंघोळ करा, साधा साबण, डिओ नाही, टाल्कम पावडर नाही, छातीला विक्स-बाम चोळलेला नाही. बाळाला तुमचा वास ओळखायचाय, कंपनीचा नाही. सिगरेट असेल तर मी गोड बोलणार नाही, ओढून आलात तर धूर कपड्यात आणि श्वासात राहतो, त्या दिवशी बाळाला अंगावर घेऊ नका, आणि जमलं तर हीच वेळ आहे सोडायची. सर्दी-ताप असेल, अंगावर पुरळ असेल, पावसाळ्यात मांडीत-काखेत-छातीवर नायटा येतो तो असेल, तर बरं होईपर्यंत थांबा. दारू घेतली असेल तर अजिबात नाही, एक पेगसुद्धा नाही.

आता हे कांगारू प्रकरण कुठून आलं ते थोडं सांगते, कारण घरात 'हे काय नवीन फॅड' असं येणारच. फॅड वगैरे नाही, गरिबीतून आलंय. कोलंबिया देशात बोगोटाच्या सरकारी हॉस्पिटलमधे १९७८ ला डॉ. एडगर रे यांच्याकडे बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त, एका पेटीत दोन-दोन बाळं, इन्फेक्शन पसरायचं, बाळं जायची. मग त्यांनी आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी बाळांना सरळ आयांच्या छातीला बांधायला सुरुवात केली. पेटी नाही म्हणून काढलेला उपाय, आज पेट्या असलेल्या हॉस्पिटलातही तोच करतात. २०२१ मधे पाच देशांतल्या हॉस्पिटलांचा मोठा अभ्यास आला, त्यात आपल्या देशातलं दिल्लीचं सफदरजंग होतं, १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर, स्थिर व्हायची वाट न बघता, आईच्या नाहीतर घरच्या दुसऱ्या माणसाच्या छातीवर दिलं तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतर २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना दिवसात ८ ते २४ तास, जितकं जमेल तितकं द्या. आता हे वाचून टेन्शन घेऊ नका, तुमचं बाळ त्या अभ्यासातल्या बाळांपेक्षा मोठं आहे, घरी आलंय, दूध पितंय. जीव वाचवायचा टप्पा त्याचा झालेला आहे. आणि ते आठ तास घरातल्या सगळ्यांचे मिळून धरायचे असतात, तुमच्या एकट्याचे नाहीत.

फक्त बाबांवरचं हवं असेल तर स्वीडनचा २००७ चा एक छोटा अभ्यास आहे, २९ बाळं, सगळी सिझरची. आई जवळ नसताना निम्म्या बाबांनी बाळ उघड्या छातीवर घेतलं, बाकीची बाळं बाबांच्या शेजारीच पण पाळण्यात. छातीवरची बाळं कमी रडली आणि लवकर शांत होऊन झोपेकडे गेली. बाबा दोन्हीकडे होता हं, फरक फक्त कातडीचा. आपल्याकडे त्या तासात बाबा कुठे असतो, तर खाली मेडिकलमधे सामान आणायला, नाहीतर पेढ्यांची ऑर्डर द्यायला. ज्यांची डिलिव्हरी व्हायचीय त्यांनी आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, हल्ली बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात. तुमचा तो तास गेला, पण म्हणून काही कायमचं गेलं असं समजू नका, त्या तासाचं सोशल मीडियावर फार अवडंबर करतात. मी जिथे सुरुवात केली तिथे बाबांना आत सोडायचेच नाहीत, दहा मिनिटं काचेतून दर्शन, त्या बाबांची मुलं आता कॉलेजात आहेत आणि बापाच्या गळ्यात पडतात.

मग तुमच्याकडे रडतं का? मला वाटतं ते असं होतंय. तुम्ही नऊला येता, संध्याकाळी ते रात्री ही बाळांची तशीही किरकिरीची वेळ, आणि हे पुढे वाढणारे, ड्यू डेटपासून धरून सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त आणि मग उतरतं. त्यात तुम्ही त्याला हातावर घेता, म्हणजे अंगापासून लांब, परात धरल्यासारखं, वर जोजवता, 'ओले ओले' करता, ट्यूबलाइट डोळ्यावर. ३५ आठवड्यांच्या बाळाला एका वेळी एवढं सगळं झेपत नाही. आणि मग दुसऱ्या मिनिटाला आजी काढून घेते म्हणजे तुम्हाला दोघांना तिसरं मिनिट कधी मिळतच नाही. रडण्याचा अर्थ 'हा नको' असा नाही, 'हे काय चाललंय' असा आहे.

आता करायचं कसं ते नीट वाचा. वेळ निवडा फीडिंग होऊन ढेकर निघाल्यावरची, भुकेल्या बाळाला घेऊन बसलात तर दोघं हरणार. खोलीतला मोठा दिवा बंद, टीव्ही बंद, फोन सायलेंटवर आणि हाताला येणार नाही असा लांब. तुम्ही पाणी पिऊन, बाथरूमला जाऊन या, कारण तासभर उठायचं नाही. पलंगाला उशा लावून अर्धवट टेकून बसा, डोकं आणि पाठ वर राहील असं, सपाट आडवं नाही. समोरून उघडणारा जुना कॉटनचा शर्ट, बटणं सोडलेली, बनियन नाही. बाळाला फक्त लंगोट किंवा डायपर, टोपरं आणि पायमोजे. मग तुमच्या छातीच्या मधोमध उभं ठेवायचं, पोट तुमच्या पोटाच्या वरच्या भागाला, पाय बेडकासारखे दुमडून बाजूला, हातही दुमडलेले, डोकं एका गालावर वळवलेलं आणि हनुवटी किंचित वर. हनुवटी छातीत रुतली तर श्वासाची वाट दबते, मान मागे फार कलली तरी दबते, दोन्हीच्या मधलं. तुम्हाला खाली बघितल्यावर त्याचं नाक आणि ओठ दिसलेच पाहिजेत, ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी बाकीचं निम्मं आपोआप बरोबर येतं. वरून बायकोची जुनी मऊ ओढणी किंवा सुती साडी घट्टसर गुंडाळा, खालची कड बाळाच्या कुल्ल्यांखाली, वरची कानाच्या पाळीखाली, पोटाला मात्र श्वासाला जागा हवी. एक हात कुल्ल्यांखाली, एक पाठीवर. थोपटू नका, चोळू नका. नुसता ठेवा.

पहिली पाच-दहा मिनिटं चुळबुळ करेल, कण्हेल, कदाचित रडेल. इथेच सगळे बाबा सोडतात. तुम्ही सावकाश श्वास सोडा, हलक्या आवाजात काहीतरी बोलत रहा, काय ते महत्त्वाचं नाही, एक बाबा आमच्याकडे ट्रान्स-हार्बरची स्टेशनं म्हणायचा, ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, पोरगं कोपरखैरणेला झोपायचं. दहा-बारा मिनिटांनीही रडं वाढतच असेल तर भूक बघा, शू-शी बघा, आणि आईकडे द्या, उद्या परत. पण एकदा झोपलं की किमान एक तास, कारण बाळाची झोपेची एक फेरी साधारण तेवढी असते, मधेच उचललंत तर हाती काही लागत नाही.

छातीवर तोंड फिरवून शोधेल ते शोधूदेत, त्यात लाजण्यासारखं काय आहे, त्याचा तो जन्मजात धर्म आहे. उलट तुम्हाला फुकटात सिग्नल मिळाला. तोंड उघडून डोकं इकडे-तिकडे, मुठी तोंडाकडे, म्हणजे रडायच्या आधीची भूक. तेव्हाच आईकडे दिलंत तर फीडिंग शांतपणे होतं. रडून लाल झालेलं बाळ नीट पकडत नाही, विशेषतः लवकर झालेलं.

आणि तुमच्या अंगावर असताना त्याची आई काय करेल, तर झोपेल. सिझरला चौदा दिवस झालेत, टाका ओढत असेल, दर दोन-अडीच तासांनी फीडिंग आहे. नऊ ते अकरा तिला सलग झोप मिळाली तर पुढच्या वेळी दूध उतरायलाही मदत होते. याला मदत म्हणू नका प्लीज, 'मी बायकोला मदत करतो' म्हणणाऱ्या बाबांचा मला थोडा राग आहे, बाळ काय शेजाऱ्यांचं आहे?

आता तुमच्या आई. त्यांच्याशी वाद घालू नका, माझा अनुभव आहे की मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला की आज्या जास्त चिडतात. सोयर, बारशापर्यंत पुरुषाने लांब राहायचं, याच्या मागे बाळंतिणीला विश्रांती आणि बाळाला बाहेरच्या माणसांपासून जपणं होतं, हेतू चांगलाच. त्यांना एवढंच विचारा की तुम्ही मला कसं झोपवायचात. बहुतेक सांगतील की पदराखाली पोटाशी घेऊन. म्हणजे कांगारूच की. मग त्यांनाही दुपारचा एक तास द्या, आजी चालते कांगारूला, उत्तम चालते, आणि एकदा बाळ त्यांच्या छातीवर झोपलं ना की विरोध संपतो, मी दहा-बारा आज्यांवर करून बघितलंय. दोन गोष्टींवर मात्र ठाम रहा, धुरी नको आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. लवकर झालेल्या बाळाच्या फुफ्फुसाला धूर म्हणजे शत्रू. ऊब पाहिजे ना, ती तुमच्या छातीवर आहे.

उकाड्याचं विचाराल म्हणून आधीच सांगते, ठाण्यात ऑक्टोबर आणि मे मधे दोघं एकमेकांना चिकटून भिजता. पंखा हळू, झोत अंगावर नको, एसी असेल तर २६ च्या आसपास. बाळाची मान-पाठ ओली लागली किंवा अंग तापल्यासारखं लागलं तर वरचं दुपटं काढा, टोपरंही काढा. गार वाटतंय का ते पोट आणि तळपाय दोन्हीला हात लावून बघायचं. दोन्ही कोमट तर मस्त, पोट कोमट आणि पाय गार म्हणजे थंडी लागायला लागलीय, लगेच अंगावर घ्या, दोन्ही गार म्हणजे अंगावर घेऊनच डॉक्टर गाठा. थर्मामीटर असेल तर काखेत ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस.

सगळ्यात महत्त्वाचं, झोप. तुम्ही विटाव्याच्या पुलाखालून, माजिवड्याच्या सिग्नलवरून दोन तास घासून आलेले असता, छातीवर गरम बाळ, अंधार, तुम्हाला डुलकी लागणारच. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळ अंगावर घेऊन झोपणं धोक्याचं आहे, बाळ सरकून कुशीत किंवा गादीच्या फटीत जातं आणि नाक दाबलं जातं, आवाजही करत नाही. कोणीतरी जागं माणूस खोलीत असूदे, तुमच्या आईंनाच बसवा, आणि डोळे मिटायला लागले की प्रामाणिकपणे बाळाला पाठीवर झोपवा, त्याच्या जागेवर. रोज तासभरच जमलं तर तासभर. शनिवार-रविवारी तीन-चार तास करा. सुट्टीचं म्हणाल तर केंद्र सरकारी नोकरीत बाबाला १५ दिवसांची रजा आहे आणि ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते, खाजगीत तसा कायदा नाही, पण तुमच्या एचआरला विचारून तर बघा, आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळालं तरी सकाळचा एक तास निघतो.

बाळ दूध ओढेनासं झालं, फार सुस्त झालं, श्वास मिनिटाला साठच्या वर किंवा छाती आत ओढली जातेय, ओठ निळे, तळपायापर्यंत पिवळं, झटका, किंवा ताप, यातलं काही दिसलं तर कांगारूचे प्रयोग करत बसू नका, थेट हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८. जाताना मात्र बाळ अंगाला लावूनच न्या, वाटेत गार पडत नाही.

कधी थांबायचं ते बाळच सांगतं. अडीच किलोच्या आसपास आलं की एक दिवस पाय मारायला लागेल, हात बाहेर काढेल, घाम येऊन वैतागेल, टोपरं ओढेल. म्हणजे त्याला आता गरज नाही. त्यानंतरही आवडत असेल तर घ्या, पूर्ण दिवसांच्या बाळांनाही आवडतं. त्या माथाडी बाबाची मुलगी २६०० ला आली तेव्हा फॉलो-अपला तो मला तक्रारीच्या सुरात म्हणाला की सिस्टर, आता ही माझ्याकडे थांबत नाही, चढून खांद्यावर जाते. मी काट्यावर ठेवली, तो वाकून आकडा बघत होता.